दूध पिलेला चढ

आमच्या दूध सोसायटीच्या चेरमनची नक्कल करायची असंल तर आधी डावा हात डाव्या गुडघ्यावर ठेवायचा. मग आडवं व्हायचं आन् खेकड्यासारखं एकेक पायरी चढायचं. पहिल्या पायरीला "आयं गं". दुसरीला "पांडुरंगा". तिसरीला नुसता दम. चौथीला मागं वळून लोकांकडं असं बघायचं की जसं काय झालंच न्हाई. मग दारात वाकायचं, उंबऱ्याला हात लावायचा, हात कपाळाला न्यायचा, आन् आत शिरता शिरता म्हणायचं, "शासनाचा नियम हाय. आमी नियमाच्या भाईर न्हाई."

हे मी रोज सकाळी दुधाच्या रांगेत करायचो. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. बाप्ये म्हणायचे, "बास कर बे, यील तो." मास्तर, कंडक्टर, टँकरवाला, मतं मागायला येणारा पुढारी, समद्यांचे आवाज माझ्या गळ्यात होते. कॉलेज अर्ध्यात सोडून आलतो, हाताला काम न्हाई, त्यात दुष्काळ. दुष्काळात एक बरं असतं, नक्कल करायला पाणी लागत न्हाई.

त्या साली गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत होती, बाया टँकरच्या रांगेत, आन् उसाच्या टोळ्या चक्क गावात. न्हाईतर दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव कोयते बांधून खाली कारखान्याकडं जातं. त्या साली खाली बी ऊस नव्हता. मुकादमानं गाडीच धाडली न्हाई. मोळ्या उचलणारी माणसं पारावर बसून एकमेकांच्या टोप्या उचलायची. चालू होती ती फक्त दूध सोसायटी. दूध बी निम्म्यावर आलतं, पण सकाळ-संध्याकाळ दार उघडायचं, मशीन लागायचं, चिठ्ठी निघायची. गावात कायीतरी चालू हाय असं तिथं गेल्यावरच वाटायचं.

आता आक्का. आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. ती सरकत सरकत भाईर यायची, उंबऱ्याला थटायची आन् तिथंच बसून रडायची. एक दिवस दादानं, म्हंजी आमच्या बापानं, पहार घेतली आन् घराचा उंबराच उपटून टाकला. भावकी म्हणली, "बिनउंबऱ्याच्या घरात लक्ष्मी टिकत न्हाई." दादा म्हणला, "आमची लक्ष्मी सरकत चालती. तिला मोकळी वाट पायजे." मला तर लई दिवस ठावंच नव्हतं की लोकांच्या दाराला उंबरा असतो. शेजाऱ्याच्या घरात दोनदा तोंडावर पडलो तवा कळलं.

शाळेत तिला आधी दादानं खांद्यावर नेलं, मग मी पाठीवर. दवाखाना, लगीनघर, जत्रा, समदीकडं ती कुणाच्या तरी अंगावर बसून गेली. पुढं एका शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली. बारावीच्या परीक्षेला वर्ग माडीवर होता. दोन अनोळखी बाप्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. एक म्हणला, "पोतं जड हाय बे." दुसरा म्हणला, "गव्हाचं दिसतंय." आक्का पेपर लिहून आली, पास बी झाली, लई चांगल्या मार्कानं. पण घरी येऊन म्हणली, "आता मला कुणी उचलायचं न्हाई. चाक जाईल तिथं मी जाईन."

त्याच्यानंतर ती फार कुठं गेलीच न्हाई. तिचं चाक कुठं जायचंच न्हाई.

शिवरात्र झाली आन् सोसायटीतला मशीनवरचा म्हातारा घरी बसला. त्याचे डोळे गेलते. आपण दूध घेऊन गेलो की मशीनवाला त्यातलं थोडं मशीनला लावतो, फॅट किती निघालं ते वाचतो आन् चिठ्ठी करतो. म्हातारा आकडे वाचायचा कमी आन् आठवायचा जास्ती. चेरमन आमच्या दारात आला. आक्काला म्हणला, "बाई, तुझं डोकं चांगलं हाय. भीड बी कुणाची धरत न्हाईस. मशीनवर बसतीस का?"

आक्का लगेच "व्हय" म्हणली. मी तिचा तसला आवाज त्याच्या आधी ऐकलाच नव्हता. तो मला काढताच आला नसता.

"पाडव्याच्या सकाळी येऊन जाग्यावर बसायचं," चेरमन म्हणला. "मशीन बिनमाणसाचं ठेवता येत न्हाई. तुला जमलं न्हाई तर माझा भाचा हाय. पण पयला हक्क तुझा."

"उचलून न्यायचं न्हाई मला, आबा."

"उचलायचं कावून? रॅम्प हाय की आपल्याला."

रॅम्प होता, हे खरं. सोसायटीची इमारत चार पायऱ्या उंच, जोतं अडीच फूट. नकाशा काढणाऱ्याला वाटलं असंल की पूर यील. आमच्याकडं पूर यायच्या आधी टँकर यील, पण असो. इमारत नियमात बसायची तर रॅम्प पायजे होता, म्हणून मिस्तरीनं पायऱ्यांच्या बाजूला एक बांधला. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आन् असा उभा की त्याच्यावर फक्त शेळ्या चढायच्या. पेंटरनं शेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीवरचा माणूस काढलता. त्याला तो माणूस लईच मोकळा मोकळा वाटला, म्हणून त्यानं मिशा काढल्या आन् डोक्याला फेटा बांधला. परगावचे लोक इचारायचे, "सोसायटीत लगीन हाय का कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी आक्का तिथं गेली. हातानं चाकं फिरवत, रस्त्यानं, एकटी. मी नुसता मागं. तिनं रॅम्पला खुर्ची लावली आन् जोर केला. फूटभर चढली. मग खुर्चीचं तोंड आभाळाकडं झालं. मी मागनं धरली न्हाईतर ती उलथीच पडली असती. रांगेतले चार जण पळत आले.

"उचला, उचला."

"न्हाई," आक्का म्हणली.

चेरमन दारातनं म्हणला, "आगं, रोज सकाळी दोघंजण उचलतेल. माणसं काय कमी हायत का गावात?"

आक्कानं चाकं मागं घेतली आन् घराकडं वळली. घरी आल्यावर म्हणली, "नियम नियम करतो ना चेरमन? मंग नियम काय हाय ते बघू. तालुक्याला जा आन् नियमाचा कागद आण."

मी गेलो. कचेरीतल्या बाबूनं चष्म्यावरनं बघितलं. "कावून पायजे?" मी म्हणलं, रॅम्प बांधायचाय. "घरी?" न्हाई, सोसायटीत. "कुणाला लागतो?" म्हणलं, बहिणीला. त्यानं जरा येळ बघितलं, मग कपाट उघडलं, दोन कागद काढले आन् म्हणला, "झेरॉक्स करून आण. परत दे." माणूस चांगला होता, पण दर शब्दामागं नाक वर वढायचा. झेरॉक्सवाल्याला मी ते नाक करून दाखवलं. तो इतका हसला की मशीनवर आडवा झाला. मी अजून दोनदा केलं. मग गाडी लागली दिसली तसा पळालो. बाबूचे कागद परत दिले, झेरॉक्स खिशात घातली आन् घरी.

आक्कानं ती दिवसभर वाचली. चढ किती असावा: एकास बारा, म्हंजी एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. रुंदी चार फूट. वळायला सपाट जागा. दोन्ही बाजूला धरायला पाईप. तिनं अंगणात खडूनं आखलं. अडीच फुटाचं जोतं, तीस फूट चढ.

मिस्तरीला बोलावलं. हा मिस्तरी उन्हाळ्यात बांधकाम करायचा आन् बाकी साल टोळीत ऊस तोडायचा. त्यानं खडूची रेघ बघितली आन् टोपी मागं सारली.

"तीस फूट? आक्के, तेवढ्यात मी घरी जाऊन जेवून यीन."

"तुमी बांधलेला रॅम्प कशाच्या मापानं बांधला, मिस्तरी?"

"फळीच्या."

तवा समद्यांच्या डोक्यात उजेड पडला. ट्रकात ऊस भरताना मागं एक फळी लावतात. डोक्यावर मोळी घेऊन माणसं त्या फळीवरनं पळत वर जातात. मिस्तरीनं उभ्या आयुष्यात चढ बघितला तो तेवढाच. कुणी म्हणलं चढ बांध, त्यानं फळी बांधली.

"माझी बायको पोटुशी असताना मोळी घेऊन चढलीय तसल्या फळीवर," मिस्तरी म्हणला. "तुझी तर खुर्ची हाय. नुसतं बसून जायचं."

"फळीवर चढताना पाय सरकत न्हाई का?"

"अंगठा रोवायचा की. अंगठा रोवला की माणूस भिंतीवर बी चढंल."

"माझ्या चाकाला अंगठा न्हाई, मिस्तरी."

मिस्तरी खाली बसला. खुर्चीचं पुढचं बारकं चाक हातात धरून त्यानं दोनदा फिरवलं. मग उठला आन् म्हणला, "दोर आण बे." दोराला त्यानं फुटाफुटावर गाठी मारल्या आन् आमी तिघं सोसायटीपुढं गेलो. तीस फूट सरळ काढला असता तर चढ रस्त्यावर, एस्टीच्या खाली गेला असता. पण आवारात एक लिंब होता. मिस्तरी म्हणला, लिंबापर्यंत पंधरा फूट जायचं, तिथं सपाट चौक करायचा, वळायचं, मग परत पंधरा फूट दारापर्यंत. सावलीत दम खाता यील.

चेरमननं समदं ऐकून घेतलं. शेडच्या कामातलं सिमेट उरलंय, म्हणला. मुरूम तळ्यात मोप. टोळीची पोरं बसूनच हायत. "पण बाई, पाणी? सिमेट भिजवायला पाणी, मग पंधरा दिवस त्याच्यावर मारायला पाणी. टँकर येतो आठ दिवसाला. माणसाला प्यायला न्हाई आन् तुझ्या रॅम्पला पाजू?"

त्यात खोटं कायीच नव्हतं. आक्का म्हणली, "पाण्याचं बघते मी. दोन दिवस द्या."

आन् तिथं मी घाण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत मला कुणीतरी म्हणलं, "चेरमन काय म्हणला रॅम्पला?" झालं. मी हात गुडघ्यावर ठेवला, आडवा झालो, "आयं गं" केलं, "पांडुरंगा" केलं, उंबऱ्याला हात लावला आन् म्हणलं, "माणसाला प्यायला न्हाई, रॅम्पला काय पाजू? नियमाच्या भाईर न्हाई, पण पाण्याच्या आत बी न्हाई!"

कुणी हसलंच न्हाई. मी मागं बघितलं. चेरमन खाली पहिल्या पायरीपाशी उभा. समदी नक्कल त्यानं खालनं बघितलेली.

त्यानं उपरणं सावरलं. मग हात गुडघ्यावर ठेवून चढायला लागला. रांग अशी गप की त्याचं गुडघ्याचं हाड वाजलेलं ऐकू आलं. तिसऱ्या पायरीवर तो थांबला आन् म्हणला, "पांडुरंगा." माझ्याकडं बघितलं. "हे मी तिसऱ्या पायरीला म्हणतो, बे. दुसऱ्या न्हाई. नीट बघत जा."

आन् उंबऱ्याला हात लावून आत गेला.

ही गोष्ट माझ्या आधी आक्कापाशी पोचली. ती म्हणली, "समद्या गावात मला एक दार उघडाय लागलंय, आन् तू त्याच्यावर बसून माकडचाळे करतो." तिनं एवढंच म्हणलं आन् तोंड फिरवलं. मी त्या दिवशी कुणाचीच नक्कल केली न्हाई. माय म्हणली, "ताप आलाय का रे?"

संध्याकाळी मिस्तरी आला. चेरमननं सिमेटच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं दिलती. म्हणला म्हणे, पाण्याचं जमत असंल तर बांधा.

पाण्याचं आक्कानं असं जमवलं. दूध घालून झालं की जो तो आपल्या किटलीत तांब्याभर पाणी घालून खळबळायचा. ते दुधाळ पाणी लोक घरी न्यायचे, वासराला पाजायचे. आक्का म्हणली, ते पाणी पंधरा दिवस वासराऐवजी चढाला द्या. आता हे लोकांना सांगायचं कुणी? तिनं माझ्याकडं बघितलं. "तुझं तोंड हाय ना? वापर की."

दुसऱ्या दिवशी मी पायऱ्यांच्या मागं जाऊन बसलो आन् अजून न बांधलेल्या चढाचा आवाज काढला. म्हाताऱ्या, तहानलेल्या माणसाचा, नरड्यात धूळ अडकल्यासारखा. "मावशे... ए मावशे... तांब्याभर दे गं. जल्माच्या आधीच नरडं सुकलंय माझं." पहिली मावशी दचकून किटली सांडता सांडता राहिली. मग वाकून बघितलं, मला शिव्या दिल्या, आन् किटली धुतलेलं पाणी तिथं ठेवलेल्या पिंपात वतलं. तिच्या मागचीनं वतलं. एक बाप्या म्हणला, "माझं वासरू काय पिल?" चढ म्हणला, "मामा, वासरू म्होरल्या साली विकशीला, मी हितंच राहणार हाय. म्हातारपणी कामाला यीन." मामानं बी वतलं. पिंप रोज थोडं थोडं भरायला लागलं.

टोळीच्या पोरांनी तळ्यातनं मुरूम आणला, दगड आणले. धरायच्या पाईपाचं तर सोपं होतं. गावात ज्याचं त्याचं बोअर आटलेलं, समद्यांच्या आवारात उपसून काढलेले पाईप पडलेले. पाणी द्यायला घेतलेले पाईप, पाणी न देता रिकामे. मिस्तरीनं ते चढाच्या दोन्ही बाजूला बसवले. आक्का रोज लिंबाखाली खुर्ची लावून दोराच्या गाठी मोजायची. मिस्तरी म्हणायचा, "कारखान्याचा इंजिनेर परवडला."

सिमेट झाल्यावर त्याच्यावर पोती अंथरली आन् दोन येळा ते दुधाळ पाणी मारलं. आठ दिवसात चढाला ताकाचा वास यायला लागला. गावातली समदी मांजरं तिथं. कुत्री पोती चाटायची. चेरमन नाकाला उपरणं लावून जायचा आन् म्हणायचा, "मिस्तरी, ह्याला विरजण लावलं का काय?" पण पाणी बंद करा असं कायी म्हणला न्हाई. जनावरांपाशी छावणीत राहणारा दादा आला, चढावर पाय आपटून बघितला आन् म्हणला, "दूध पिलेलं हाडूक हाय. मोडायचं न्हाई."

पाडव्याच्या सकाळी सोसायटीपुढं गुढी उभी केलती. रांग रोजच्यापेक्षा मोठी, कारण दूध न घालणारे बी आलते. चेरमनचा भाचा मागं कोपऱ्यात उभा होता, नवा शर्ट घालून. पोरगा वाईट न्हाई, त्याला मामानं "यिऊन थांब" म्हणलं असंल.

आक्का आली. चढाच्या पायथ्याला थांबली, हाताला थोडी माती चोळली आन् चाकं फिरवली. सावकाश. घसरत न्हाई, आभाळाकडं तोंड न्हाई. रांगेतली बाई दुधाची किटली घेऊन चालती तशी, अंग न हलवता. लिंबाखाली चौकात थांबली, वळली. मी मागं हात नेला.

"हात काढ," ती मागं न बघता म्हणली.

मी काढला. दुसरे पंधरा फूट ती एका दमात गेली. वर दारापाशी पोचली तशा लोकांनी टाळ्या पिटल्या. मिस्तरीनं टोपी उडवली. आक्का हसली आन् दारात शिरायला चाक पुढं घेतलं.

टक.

पुढचं बारकं चाक उंबऱ्याला थटलं. दगडी उंबरा, चार बोटं उंच. तिनं मागं घेतलं, परत जोर केला. टक.

टाळ्या थांबल्या. मला एकदम ती झेरॉक्स आठवली. बाबूनं दोन कागद दिलते. आक्काच्या हातात मी दिला तो एकच. दुसरं पान मशीनच्या झाकणाखाली गेलंच न्हाई, मी नाक वढून दाखवत होतो तवा. आक्कानं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् तिला कळलं की कायीतरी मी केलंय. पण मला एकट्याला कशाला बोल लावायचा? आमच्या घराला उंबरा न्हाई. तिच्या डोक्यात दार म्हंजी सपाट. बाकी गावातले समदे उंबरे ती कुणाच्या तरी पाठीवर बसून वलांडून गेलती. उचलून नेलेल्या माणसाला उंबरा लागत न्हाई, आन् उचलणाऱ्याला तो दिसत न्हाई.

"एवढ्याशानं काय होतंय," मागनं कुणीतरी म्हणलं. "उचला जरा. चारच बोटं हायत."

दोघं पुढं आले. आक्कानं दोन्ही चाकं गच्च धरली. "न्हाई." आवाज बारीक होता पण रांगेच्या शेवटापर्यंत गेला. "चार बोटं रोज सकाळी चार बोटंच राहतेत. रोज उचलणार का?"

दोघं थांबले. तेवढ्यात चेरमन आला. तो पायऱ्यांनी आला न्हाई. आक्काच्या मागनं, चढावरनं, पाईपाला हात लावत, सरळ चालत आला. आडवा न होता. गुडघ्यावर हात नव्हता, ते बी लोकांनी बघितलं. दारापाशी आला आन् रोजच्या सवयीनं वाकला, उंबऱ्याला हात लावायला.

हात आक्काच्या चाकाला लागला. चाक उंबऱ्याला टेकलेलं, हाताला जागाच नव्हती. सवयीनं तोच हात त्याच्या कपाळाला गेला.

कुणी हसलं न्हाई. मी बी न्हाई. तो तसाच वाकून राहिला. आधी वाटलं गुडघा धरला असंल. मग दिसलं की तो उंबऱ्याकडं बघतोय, जवळनं, पहिल्यांदा बघितल्यासारखा.

"मिस्तरी," तो म्हणला, "हा एवढा उंच कुणी बसवला?"

"तुमीच म्हणलता, आबा. चांगला ठसठशीत बसव, सोसायटीचं दार हाय."

"मी म्हणलतो?"

"व्हय."

चेरमन सरळ झाला. "छन्नी कुठाय?"

"घरी."

"मंग हितं गुढीकडं काय बघतो बे? पळ."

मिस्तरी पळाला. छन्नी-हातोडा आला. पाडव्याच्या दिवशी, गुढीपुढं, सोसायटीचा उंबरा फुटायला लागला. एक म्हातारा म्हणला, "आबा, सणाच्या दिशी?" चेरमन म्हणला, "सणाच्या दिशीच. आन् बसव परत म्हणायला कुणी आलं तर आधी त्याला त्या चढावर पाणी मारायला लावा." आक्का दारातच थांबून होती, उन्हात, चाकावर हात ठेवून. अर्धा तास लागला. रांगेतलं दूध नासंल म्हणून एकच जण कुरकुरला, त्याला बायांनीच गप केलं. भाच्यानं नव्या शर्टाच्या बाह्या सारल्या आन् दगडाचे तुकडे गोळा करायला लागला.

मग मिस्तरीनं हातानं जागा झाडली आन् बाजूला झाला. आक्का आत गेली. आवाजच आला न्हाई कसला.

मशीनपाशी खुर्ची लावली आन् म्हणली, "पयलं कोण? या पुढं."

पहिला मी होतो. तिनं दूध लावलं, आकडा वाचला, माझ्याकडं बघितलं. "पाणी हाय ह्यात."

"आक्का, दुष्काळात पाणी कुठनं आणू?"

"किटली धुतली आन् निथळली न्हाई. उद्या अशी आणली तर परत धाडीन." आन् मग, चेरमन शेजारी उभा असताना, तिनं मान जराशी वाकडी केली आन् हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणली, "आमी नियमाच्या भाईर न्हाई."

तवा मला कळलं की घरात नकला करणारा मी एकटा न्हाई. चेरमन इतका हसला की त्याला गुडघा धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन ते दुसरं पान आणलं. बाबूनं नाक वढून इचारलं, "पयल्यांदा न्यायला काय झालतं?" मी खरं सांगितलं न्हाई. पानावर उंबऱ्याचं पहिल्याच ओळीत होतं. पुढं दाराची रुंदी, खिडकीची उंची, संडास, समदं. आक्कानं ते भिंतीला चिकटवलं. चिठ्ठी द्यायच्या खिडकीचं फळकूट मिस्तरीनं चार दिवसात खाली आणलं. बाकीच्याला येळ लागला, कायी अजून व्हायचंय. पण आता पोस्टात, ग्रामपंचायतीत कुणी पायरी बांधायला काढली की आधी आक्काला येऊन इचारतात, "बाई, दोर देता का?" गाठी मारलेला दोर तिच्या खुर्चीला टांगलेला असतो.

माझं मात्र नुकसान झालं. चेरमन आता चढावरनं येतो. आयं गं न्हाई, पांडुरंगा न्हाई. म्हाताऱ्या, पोटुश्या बाया, डोक्यावर किटल्या घेतलेल्या पोरी, समदे तिकडनंच. पायऱ्यांवर शेळ्या बसतात. दारात वाकायची सवय तेवढी राहिलीय त्याची, आता तो नुसत्या फरशीला हात लावतो. पण लहान पोरांनी जुनं बघितलेलं न्हाई, ते माझ्या खेकड्याला हसत न्हाईत.

म्हणून मी आक्काला म्हणलं, आता तुझी नक्कल करतो. ती म्हणली, "कर की. पण आधी खुर्चीत बसायचं आन् खालनं वर यायचं. पाय खाली टेकवायचे न्हाईत, कुणाचा हात लावायचा न्हाई."

मी बसलो. पहिल्यांदा पाईपाला धडकलो. दुसऱ्यांदा मागं आलो. तिसऱ्यांदा लिंबापर्यंत पोचलो. दंड भरून आलते, हाताला फोड आलता, आन् तोंडातनं आपोआप निघालं, "आयं गं."

आतनं आक्का वरडली, "अर्धाच झालाय. किटली घेऊन ये पुढं, रांग खोळंबलीय."